ऐकणाऱ्याची जागा



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याकडे नाटक शिकलेल्या अनेकांपैकी मी एक. सर नटाला आधी ऐकायला शिकवायचे, बोलायला नंतर. समोरचा बोलत असताना रंगमंचावर उभ्या असलेल्या नटाने काय करायचं, या एका गोष्टीवर तालमीची अख्खी संध्याकाळ जायची. जपानमधल्या जुन्या नाट्यपरंपरा पाहताना मला सरांची आठवण वारंवार झाली, म्हणून आज हाच विषय घेतला आहे.

जपान म्हटलं की काही चित्रं लगेच डोळ्यांपुढे येतात. फुजी पर्वत, पांढऱ्या चेहऱ्याची गेइशा, लाकडी मुखवटा, किमोनोतली बाहुली, चेहरा रंगवलेला काबुकी नट. माझ्या पिढीतल्या अनेकांची जपानशी पहिली ओळख पु. ल. देशपांडे यांच्या ‘पूर्वरंग’ने करून दिली, आजच्या मुलांना ही चित्रं मोबाइलवर भेटतात. चित्रांशी माझं भांडण नाही. पण मुखवटा संग्रहालयाच्या कपाटात पाहणं आणि तोच मुखवटा एका जाणत्या नटाच्या चेहऱ्यावर, ढोलकांच्या नादात, दीड तास पाहणं यांत जे अंतर आहे, ते प्रवास केल्याशिवाय कळत नाही. आणि माझं म्हणणं याच्याही पुढचं आहे. परक्या ठिकाणी आलेल्या माणसाने कसं वागावं, कुठे बसावं, काय करावं, याचं उत्तर जपानी रंगभूमीने सहाशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवलं आहे. त्या माणसासाठी तिने रंगमंचावर एक जागा राखून ठेवली आहे.

मुखवट्याच्या त्या जुन्या नाटकाचा, म्हणजे नोहचा, रंगमंच तुमच्या डोळ्यांपुढे उभा करते. साधारण सहा मीटर लांब आणि तेवढाच रुंद असा चौकोन, हिनोकी नावाच्या सुगंधी लाकडाचा, गुळगुळीत. चार कोपऱ्यांत चार खांब आणि वर देवळासारखं छप्पर. नाट्यगृह बंदिस्त असलं, तरी त्याच्या आत हे छप्पर असतंच. पाठीमागच्या फळीवर एक जुनं पाइनचं झाड रंगवलेलं. दुसरं नेपथ्य नाही. प्रेक्षकांच्या डाव्या हाताला एक लांब पूल रंगमंचाला येऊन मिळतो, त्याच्या कडेने पाइनची तीन लहान झाडं. पुलाच्या टोकाला रंगीत पडदा, आणि पडद्यामागे आरशाची खोली. परंपरेने फळ्यांखाली मातीचे मोठे रांजण ठेवलेले असतात, म्हणून नटाने पाय आपटला की त्याचा नाद घुमतो.

प्रयोग सुरू होतो तेव्हा त्या पुलावरून पहिल्यांदा येतो तो बहुतेक वेळा एक प्रवासी. पुष्कळदा तो भिक्षू असतो. आपण कोण, कुठून निघालो, कुठे चाललो, हे तो सांगतो. मग प्रवासाचं एक गाणं होतं, तो दोनचार पावलं टाकतो आणि म्हणतो, मी पोचलो. शेकडो मैल संपलेले असतात. तिथे त्याला कोणीतरी स्थानिक भेटतं. गवत कापणारा, विहिरीवर पाणी भरणारी बाई, एखादा म्हातारा. प्रवासी त्या जागेबद्दल विचारतो. उत्तर देणारा जरा जास्तच जाणतो असं वाटू लागतं, आणि बोलता बोलता तो नाहीसा होतो. उत्तरार्धात तोच माणूस आपल्या खऱ्या रूपात परत येतो. कित्येक वर्षांपूर्वी याच जागी मेलेला, पण एखाद्या प्रेमामुळे नाहीतर वैरामुळे इथेच अडकून राहिलेला. तो आपली गोष्ट सांगतो, नाचतो, आणि भिक्षूला म्हणतो, माझ्यासाठी प्रार्थना कर.

नोहच्या आज खेळल्या जाणाऱ्या सुमारे २४० नाटकांपैकी सगळ्यांची रचना अशी नाही. पण जी थोर मानली जातात, त्यांतली बरीच अशी आहेत. त्यातल्या प्रवाशाच्या भूमिकेला ‘वाकी’ म्हणतात. आपलं बोलणं झालं की वाकी उजवीकडच्या पुढच्या खांबापाशी जाऊन बसतो आणि ऐकतो. हालचाल नाही, चेहऱ्यावर भाव नाही, कधीकधी अर्धा-पाऊण तास. तो मुखवटा कधीच घालत नाही, कारण तो जिवंत माणूस आहे. आणि मला सगळ्यांत विलक्षण वाटतं ते हे: वाकीची भूमिका करणारे नट वेगळ्या घराण्यांचे असतात. अशी तीन घराणी आज आहेत. त्या घराण्यात शिकलेला नट जन्मभर वाकीच करतो, मुख्य भूमिका कधीच करत नाही. ऐकण्याचं काम ही एक स्वतंत्र विद्या आहे आणि तिला एक आयुष्य लागतं, असं मानणारी दुसरी रंगभूमी मला माहीत नाही. सरांनी हे पाहिलं असतं तर त्यांना किती आनंद झाला असता!

मुख्य नटाचा, म्हणजे ‘शिते’चा, मुखवटा चेहऱ्यापेक्षा थोडा लहानच असतो. हनुवटी बाहेर दिसते. आरशाच्या खोलीत नट आधी मुखवट्याला वंदन करतो, मग तो चेहऱ्यावर बांधतात, आणि मग तो आरशात स्वतःकडे पाहत बसतो. डोळ्यांची भोकं इतकी बारीक की त्याला रंगमंच जेमतेम दिसतो. कोपऱ्यातला खांब पाहून तो आपली जागा ओळखतो. म्हणूनच तो पाय न उचलता, तळवे फळीवरून सरकवत चालतो. तरुण स्त्रीचा मुखवटा कपाटात पाहिला तर त्यावर काहीच भाव नसतो असं वाटतं. नटाने तो किंचित वर केला की त्यावर उजेड पडतो आणि ओठ हसतात. किंचित खाली केला की डोळ्यांवर सावली येते आणि ती रडते आहे असं दिसतं. हा फरक बोटभर हालचालीचा आहे. तो फोटोत येऊ शकत नाही, कारण फोटोत दोन्हीपैकी एकच मिळतं.

आपल्याकडे नाटकाचा शंभरावा, पाचशेवा प्रयोग साजरा होतो. नोहचा प्रयोग सहसा एकदाच होतो. तो नट, ते वादक, ते गाणारे एका दिवसापुरते एकत्र येतात. त्याआधी एखादी एकत्र तालीम झाली तर झाली. प्रत्येकाने आपापल्या घराण्यात आपापला भाग वर्षानुवर्षं घोटलेला असतो. मोठ्या डमरूसारख्या ढोलकाचं कातडं प्रयोगाआधी निखाऱ्यांवर तापवतात, आणि त्याच्या शेजारच्या लहान ढोलकाचं कातडं मात्र ओलसर ठेवावं लागतं. एक कोरडा ठणका देतं, दुसरं मऊ. ‘योऽऽ’ अशी वादकांची हाक आणि तो ठणका यांच्या मधल्या शांततेत सगळं नाटक भरलेलं असतं. मी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा लय कुठे आहे ते सापडेना, आणि तरी पुढचा ठोका चुकू नये म्हणून श्वास धरून बसले होते.

आता या नाटकांच्या गावांना जाऊ. कोबे शहराच्या पश्चिमेला समुद्रकाठी सुमा म्हणून ठिकाण आहे. स्टेशनाबाहेर पडलं की समोर वाळूच. याच परिसरात ११८४ मध्ये तायरा आणि मिनामोतो या घराण्यांत इचिनोतानीची लढाई झाली. तायरा घराण्याचा पराभव झाला, त्यांची माणसं नावांकडे धावली. अत्सुमोरी नावाचा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा मागे राहिला. मिनामोतो पक्षाच्या कुमागाई नाओझानेने त्याला गाठलं, शिरस्त्राण काढलं आणि पाहिलं तर हा आपल्या मुलाच्या वयाचा. मागून आपलीच माणसं येत होती, सोडून देणं शक्य नव्हतं. त्याने त्याला मारलं. मुलाच्या कमरेला बासरी सापडली. कथा सांगते की कुमागाईने नंतर मुंडण केलं आणि तो भिक्षू झाला.

नोहचा नाटककार झेआमी याने या कथेवर ‘अत्सुमोरी’ हे नाटक लिहिलं तेव्हा वाकी कोणाला केलं असेल? त्याच कुमागाईला. मारणारा भिक्षू होऊन त्याच जागी परत येतो, आणि मेलेल्या मुलाची गोष्ट त्याला बसून ऐकावी लागते. शेवटी अत्सुमोरीचं भूत तलवार उगारतं आणि थांबतं. समोरचा आता शत्रू राहिलेला नाही, कारण तो इतकी वर्षं त्याच्यासाठीच प्रार्थना करतो आहे. नाट्यगृहात हे पाहून मी दुसऱ्या दिवशी सुमाला गेले होते. तिथल्या सुमा-देरा मंदिरात अत्सुमोरीची म्हणून सांगितली जाणारी बासरी ठेवली आहे. आवारात दोघांचे घोड्यांवरचे पुतळे आहेत. जवळच समुद्राकडच्या बागेत अत्सुमोरीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी स्तूप आहे, पाच आकारांचा, एकावर एक रचलेला. खाली चौकोन, त्यावर गोल, त्यावर छपरासारखा त्रिकोण, मग अर्धगोल आणि वर मण्याचा आकार. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. आपली पंचमहाभूतं बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिथे गेली आणि एका जपानी मुलाच्या स्मारकाचा दगड झाली. मी त्या स्तूपापुढे बराच वेळ उभी होते. नाटक आधी पाहिलं नसतं तर तो मला एक जुना दगड वाटला असता, इतकं मी खात्रीने सांगते.

टोकियोत सुमिदा नदीच्या काठी मोकुबो-जी नावाचं लहानसं मंदिर आहे. मागे उंच निवासी इमारतींची भिंतच्या भिंत, आणि मंदिरातली एक जुनी लाकडी वास्तू आगीपासून जपण्यासाठी काचेच्या आवरणात ठेवलेली. इथे उमेवाका नावाच्या मुलाची समाधी दाखवतात. ‘सुमिदागावा’ या नाटकात क्योतोहून एक आई चालत येते. माणसं विकणाऱ्याने तिचा मुलगा पळवला आहे, आणि त्या दुःखाने तिचं भान हरपलं आहे. नदीवर नावाडी तिला आधी नावेत घ्यायला तयार नसतो. मग घेतो. पैलतीरावर लोक जमून नामस्मरण का करताहेत, असं कोणीतरी विचारतं, आणि वल्हं मारता मारता नावाडी सांगू लागतो: गेल्या वर्षी आजच्याच दिवशी इथे एक आजारी मुलगा टाकून दिला होता, तो मेला. इथे वाकी हा नावाडी आहे. सांगणारा तो, ऐकणारी आई. जागा उलट्या झाल्या आहेत. अशा भान हरपलेल्या स्त्रियांच्या नाटकांचा शेवट एरवी भेटीने होतो. इथे आईला समाधी मिळते.

हे नाटक झेआमीचा मुलगा मोतोमासा याने लिहिलं. समाधीतून मुलाचा आवाज येतो तेव्हा मूल रंगमंचावर दिसावं की नाही, यावर बापलेकांत मतभेद होता. दाखवू नये, ते अधिक परिणामकारक होईल, असं झेआमीचं मत. मला तसं करणं जमणार नाही, असं मोतोमासाचं उत्तर. ही चर्चा झेआमीच्या बोलण्याच्या नोंदींत उतरली आहे, आणि आजही काही नट मुलाला आणतात, काही आणत नाहीत. सहाशे वर्षं चालू असलेली तालमीतली ही चर्चा मला फार मोलाची वाटते. माझं मत बापाच्या बाजूने आहे. रिकाम्या जागेला मिठी मारणारी आई ज्याने पाहिली आहे, त्याला मुलाची गरज वाटणार नाही. इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांनी हे नाटक १९५६ मध्ये टोकियोत पाहिलं. त्यातून त्यांनी १९६४ मध्ये ‘कर्ल्यू रिव्हर’ नावाची संगीतिका रचली. एका प्रवाशाने ऐकलं आणि आठ वर्षं ते मनात वागवलं.

१४३२ मध्ये मोतोमासा बापाच्या आधी गेला. मुलगा गेल्याच्या दुःखावर झेआमीने लिहिलेला शोकलेख उपलब्ध आहे. दोन वर्षांनी, सत्तरी उलटलेल्या झेआमीला शोगुन आशिकागा योशिनोरीने सादो बेटावर हद्दपार केलं. कारण कुठेही नोंदलेलं नाही. ज्या घराण्याच्या योशिमित्सूने बारा वर्षांच्या झेआमीला क्योतोत नाचताना पाहून आश्रय दिला, त्याच घराण्याने त्याला म्हातारपणी समुद्रापलीकडे पाठवलं. तिथे त्याने त्या बेटावरच्या प्रवासाचे आणि जागांचे छोटे गद्यपद्य लेख लिहिले. आयुष्यभर प्रवाशाची भूमिका लिहिणारा माणूस अखेर स्वतः वाकी झाला होता. नटाने सातव्या वर्षी काय शिकावं, पंचविशीत कशाला भुलू नये, पन्नाशीनंतर काय सोडून द्यावं, हे सगळं त्याने आपल्या ग्रंथांत लिहिलं होतं. ते ग्रंथ घराण्यांनी गुप्त ठेवले. योशिदा तोगो या इतिहासकाराने १९०९ मध्ये ते छापले तेव्हा जगाला झेआमी विचारवंत म्हणून माहीत झाला.

नीगाता बंदरातून बोटीने सादोला जायला अडीच तास लागतात. बेट सोन्याच्या खाणींसाठी प्रसिद्ध. २०२४ मध्ये त्या जागतिक वारसायादीत गेल्या. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खाणींचा कारभार पाहायला आलेला ओकुबो नागायासू हा नोह कलावंतांच्या घरात जन्मलेला होता आणि येताना त्याने कलावंत बरोबर आणले. मुख्य भूमीवर नोह ही सरदार-सामुराईंची कला होती. सादोत ती हळूहळू शेतकऱ्यांच्या, कोळ्यांच्या हातात गेली. गावोगावच्या देवळांच्या आवारात रंगमंच उभे राहिले. एकेकाळी त्यांची संख्या २०० च्या पुढे होती; आज तिसाच्या वर उरले आहेत. एका बेटावर एवढे! दाइझेन देवळातला १८४६ चा रंगमंच गवताने शाकारलेला आहे, बाजूला झाडं, समोर हिरवळ. उन्हाळ्यात अंधार पडला की लोखंडी टोपल्यांत लाकडं पेटवतात आणि त्या उजेडात गावकरी प्रयोग करतात. प्रेक्षक घरून चटया आणि डबे घेऊन येतात. सिंधुदुर्गातल्या एखाद्या जत्रेत देवळापुढे रात्रभर दशावतार पाहिलेला माणूस तिथे बसला, तर त्याला क्षणभरही परकं वाटणार नाही. दिवसा भातलावणी करणारा माणूस रात्री राजा होतो, हे दोन्हीकडे तेच.

उत्तरेकडे यामागाता प्रांतात कुरोकावा नावाचं गाव आहे. तिथले शेतकरी पाचशे वर्षांपासून नोह करतात, आणि तेही नोहच्या पाच मान्यताप्राप्त घराण्यांपैकी कोणाच्याही छत्राखाली न राहता. दरवर्षी १ फेब्रुवारीच्या रात्री, गुडघाभर बर्फात, कासुगा देवाला यजमानाच्या घरी आणतात आणि पहाटेपर्यंत प्रयोग चालतात. पहिला मान चारपाच वर्षांच्या मुलाचा. तो जमिनीवर पाय आपटत आपलं म्हणणं म्हणतो, आणि मग मोठी माणसं येतात. बाहेरच्या प्रेक्षकाला आधी अर्ज करावा लागतो आणि जागा थोड्या असतात, कारण तो कार्यक्रम देवासाठी आहे. पाहुण्याने मागे बसायचं. मला हा नियम अगदी योग्य वाटतो.

बुन्राकूबद्दल, म्हणजे बाहुल्यांच्या नाटकाबद्दल, बोलायचं तर ओसाकाला यावं लागतं. १६८४ मध्ये ताकेमोतो गिदायू या गायकाने तिथल्या दोतोन्बोरी भागात आपलं थिएटर काढलं आणि चिकामात्सू मोन्झाएमोन याने त्याच्यासाठी नाटकं लिहिली. एका बाहुलीला तीन माणसं हलवतात. मुख्य माणूस डोकं आणि उजवा हात, दुसरा डावा हात, तिसरा पाय. ही पद्धत १७३४ पासूनची. पायाला दहा वर्षं, डाव्या हाताला दहा वर्षं, असं शिकण्याचं गणित परंपरेने सांगतात. मुख्य माणूस उंच खडावांसारखी पादत्राणं घालतो, म्हणजे पाय हलवणाऱ्याला खाली वाकून काम करता येतं. दोन साहाय्यक काळ्या बुरख्यात असतात, पण महत्त्वाच्या प्रवेशात मुख्य कलावंताचा चेहरा उघडा असतो. सुरुवातीची काही मिनिटं तुम्ही त्यालाच पाहता. मग तो दिसेनासा होतो. कसा, ते मला अजून सांगता येणार नाही.

उजव्या हाताला एका फिरत्या चौथऱ्यावर गायक आणि शामिसेन या तंतुवाद्याचा वादक येतात. गायक समोरची पोथी दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावतो आणि सुरू करतो. म्हातारा, मुलगी, खलनायक, निवेदक, सगळे आवाज त्याचेच. बाहुली हलण्याच्या आधी तिचा श्वास त्याच्या पोटातून निघालेला असतो.

१७०३ मध्ये ओसाकातल्या सोनेझाकी देवळाच्या रानात एका सोया सॉसच्या पेढीवरचा नोकर तोकुबेई आणि ओहात्सू नावाची वेश्या यांनी एकत्र जीव दिला. महिनाभरात चिकामात्सूचं ‘सोनेझाकी शिंजू’ रंगमंचावर आलं. राजे आणि योद्धे सोडून त्याने गल्लीतल्या माणसांना नायक केलं. पुढे अशी नाटकं पाहून खरोखरच जीव देणाऱ्या जोडप्यांची संख्या वाढली, आणि १७२३ मध्ये सरकारने त्यांवर बंदी घातली. हे नाटक पुन्हा उभं राहिलं ते १९५५ मध्ये. त्यातला एक प्रवेश असा. ओहात्सू ओसरीच्या कडेला बसली आहे, तोकुबेई ओसरीखाली लपला आहे, आणि त्याला फसवणारा मित्र तिथेच बसून त्याची निंदा करतो आहे. ओहात्सू उघड बोलू शकत नाही. ती खाली पाय सोडते. तू मरायला तयार आहेस का, हे ती पायाने विचारते, आणि तोकुबेई तिचा पाय हातात घेऊन आपल्या गळ्यावरून फिरवतो. बुन्राकूतल्या स्त्री-बाहुल्यांना पाय नसतात. किमोनोचा घेर आतून मुठींनी हलवून चालण्याचा भास करतात. या एका प्रवेशासाठी ओहात्सूला पाय दिलेला आहे. छोटासा, पांढरा, लाकडी. सगळं नाट्यगृह त्या पायाकडे पाहत असतं. पहिला योशिदा तामाओ हा कलावंत तोकुबेईची बाहुली हजाराहून अधिक प्रयोगांत हलवत आला होता, म्हणजे तो गळा त्या पायाला हजाराहून अधिक वेळा भेटला होता.

आज त्या रानाच्या जागी उमेदाचा गजबजलेला व्यापारी भाग आहे. इमारतींच्या मध्ये ते देऊळ अजून आहे, लोक त्याला ओहात्सूच्याच नावाने ओळखतात, आणि आवारात दोघांचा पुतळा आहे. तरुण जोडपी येऊन तिथे प्रेमाच्या चिठ्ठ्या बांधतात. नाटकाच्या शेवटी ती दोघं पहाटेच्या अंधारात याच जागेकडे चालत येतात. तो चालण्याचा प्रवेश बुन्राकूतला सर्वांत सुंदर प्रवेश आहे, असं माझं ठाम मत आहे.

क्योतोतल्या गेइशांबद्दल, तिथल्या भाषेत गेइको आणि शिकाऊ असतील तर माइको, मला थोडं कठोर बोलावं लागेल. गिओन भागात संध्याकाळी कामाला निघालेल्या माइकोच्या मागे मोबाइल घेऊन धावणारी माणसं मी पाहिली आहेत. २०१९ मध्ये तिथल्या खासगी गल्ल्यांत फोटो काढण्यावर बंदी आली, दहा हजार येन दंड ठरला, आणि २०२४ मध्ये काही गल्ल्यांत पर्यटकांना येणंच बंद झालं. कामावर चाललेल्या बाईची वाट अडवणं हे कुठल्याही देशात असभ्यच. आणि ज्यासाठी तिने पाच-सहा वर्षं घालवली, ते तर गल्लीत दिसणारच नाही. तिचा नाच दिसेल तो दर एप्रिलमधल्या ‘मियाको ओदोरी’त. राजधानी टोकियोला गेली आणि क्योतो ओस पडायला लागलं, तेव्हा शहराला उभारी द्यायला १८७२ मध्ये तो सुरू झाला. नृत्य बसवलं तिसऱ्या इनोउए याचियो यांनी. तेव्हापासून गिओनचं नृत्य त्याच घराण्याकडे आहे, आणि त्या घराण्याच्या शैलीत नोह आणि बुन्राकू या दोन्हींचं पाणी मुरलेलं आहे. आजच्या पाचव्या याचियो यांचे वडील नोहचे नट होते. हे माहीत असलं की त्या पांढऱ्या चेहऱ्यात मुखवटाही दिसतो आणि बाहुलीही.

शिकोकू बेटावरच्या कोतोहिराचा उल्लेख केल्याशिवाय मात्र राहवत नाही. कोम्पिरा हा तिथला समुद्रप्रवाशांचा देव मूळचा आपल्याकडचा कुंभीर, म्हणजे मगर. मुख्य देवळापर्यंत ७८५ पायऱ्या चढाव्या लागतात. यात्रेकरूंसाठी पायथ्याशी १८३५ मध्ये बांधलेलं काबुकीचं नाट्यगृह अजून उभं आहे. फिरता रंगमंच खालून माणसं ढकलतात, उजेड-अंधार खिडक्यांच्या झडपा उघडून-मिटून करतात, आणि १९८५ पासून वसंतात तिथे पुन्हा मोठे नट येऊन खेळतात. देवदर्शन आणि नाटक एकाच वाटेवर. वारीला आणि जत्रेला गेलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

ही परंपरा सुरक्षित आहे असं कोणी समजू नये. नोह, बुन्राकू, काबुकी तिन्ही युनेस्कोच्या यादीत आहेत, थोर कलावंतांना सरकार ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणून मान आणि मानधन देतं. तरी टोकियोचं राष्ट्रीय नाट्यगृह ऑक्टोबर २०२३ मध्ये पुनर्बांधणीसाठी बंद झालं, ठेकेदार मिळेना म्हणून काम रखडलं, आणि बुन्राकूचा संच टोकियोत या सभागृहातून त्या सभागृहात फिरतो आहे. बुन्राकूत घराण्यातली मुलं पुरेशी येत नाहीत हे ओळखून १९७२ मध्ये बाहेरच्या तरुणांना शिकवण्याचा वर्ग चालू केला गेला. आजच्या कलावंतांत त्या वर्गातून आलेले पुष्कळ आहेत. शिकणारे कमी होताहेत, आणि पाहणारे म्हातारे होताहेत. अशा वेळी परदेशातून आलेला, गोष्ट माहीत करून घेऊन बसलेला प्रेक्षक त्यांना खरोखर हवा आहे.

तुमच्यापैकी अनेकांची मुलं, भाचवंडं टोकियोत, ओसाकात नोकरीला आहेत. त्यांच्याकडे जाल तेव्हा पुढच्या गोष्टी लक्षात ठेवा. ओसाकाच्या राष्ट्रीय बुन्राकू नाट्यगृहात जानेवारी, एप्रिल, उन्हाळा आणि नोव्हेंबर हे मुख्य हंगाम असतात, आणि अख्खा दिवस जमत नसेल तर एकाच अंकाचं स्वस्त तिकीट मिळतं. टोकियोच्या काबुकी-झामध्येही चौथ्या मजल्यावरून एकच अंक पाहता येतो. टोकियोच्याच सेंदागाया भागातल्या राष्ट्रीय नोह नाट्यगृहात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर पडदा असतो आणि त्यावर इंग्रजीत संवाद येतात, पण तो थोड्या वेळाने बंद करा. नाटकाची गोष्ट आधी घरी वाचून जा. नोहला पहिल्यांदा जाताना दुपारचं जेवण हलकं ठेवा, झोप येते, आणि आली तर वाईट वाटून घेऊ नका, शेजारचे जपानी आजोबाही डुलक्या घेत असतात. नट पुलावरून आत जाईपर्यंत टाळ्या वाजवू नका. आणि नाटक ज्या जागेवर घडतं ती जागा रेल्वेने जाण्याइतकी जवळ असेल, तर दुसरा दिवस तिच्यासाठी मोकळा ठेवा.